मुदत ठेव आणि बासष्ट कुकर

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पतसंस्थेचा एक पैसाही खाल्लेला नाही. हे असं उठून सांगावं लागतंय यातच सगळं आलं. अकरा वर्षं मी आमच्या छापखान्याच्या कर्मचारी पतसंस्थेचा मानद सचिव आहे. मानद म्हणजे पगार नाही, भत्ता नाही, आणि काही चुकलं की सगळ्यांची बोटं एकाच दिशेला. छापखान्यात मी हेडक्लार्क. त्याचा पगार मिळतो, पण तिथे मला कुणी शिव्या देत नाही.

संस्थेचं ऑफिस म्हणजे कागदाच्या गोदामातलं एक लोखंडी कपाट आणि अर्धं टेबल. उरलेल्या अर्ध्यावर डिंकाचे डबे असतात. सभासद बासष्ट. दरमहा प्रत्येकाच्या पगारातून थोडी वर्गणी कापायची आणि ज्याला गरज असेल त्याला दहा टक्क्यांनी कर्ज द्यायचं. कुणाचं छप्पर गळतं, कुणाला कवळी बसवायची असते. इतका साधा कारभार. यात मी अजरामर होण्यासारखं काही नव्हतं, आणि बहुधा तेच मला डाचत होतं.

त्या वर्षी काय झालं, बरीच कर्जं एकदम फिटली आणि नऊ लाख चालू खात्यात नुसते पडून राहिले. बिनव्याजी! मला ते बघवेना. मी बँकेत गेलो. बँकेच्या मॅनेजरने मला खुर्ची दिली, चहा दिला, वर बिस्किटं दिली. छापखान्याचा हेडक्लार्क म्हणून गेलो असतो तर त्याने मला रांगेत उभं केलं असतं. नऊ लाख वर्षभराच्या मुदत ठेवीत ठेवा, त्रेसष्ट हजार व्याज, तो म्हणाला. एकेक लाखाच्या नऊ पावत्या करू का, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, छे, एकच करा, फाइलला लावायला बरी. नऊ पावत्यांत रुबाब कसला?

पुढे दोनच महिन्यांनी आमच्या बाइंडरचा अर्ज आला. हा माणूस तीस वर्षं पुस्तकं शिवतोय आणि या तीस वर्षांत त्याने संस्थेकडे कधी काही मागितलेलं नव्हतं. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी साठ हजार, भरायला दहा दिवस. खात्यात तेव्हा अकरा हजार होते. ठेव मोडायची तर बँक नऊ हजार कापून घेणार होती, कारण पावती एकच, मोडली तर अख्खी मोडणार. मी समितीला समजावलं, की एका माणसाच्या साठ हजारांसाठी बासष्ट जणांचे नऊ हजार पाण्यात घालायचे का? समिती म्हणजे मी धरून पाचजण. त्यातले तिघं चहा येण्याची वाट बघत होते आणि चौथा माझ्याशी नेहमीच सहमत असतो. अर्ज नामंजूर झाला.

बाइंडरला मीच सांगितलं. "साहेब, काही हरकत नाही," तो म्हणाला. "संस्थेचं नुकसान कशाला?" म्हणून मला वाटलं, खरंच काही हरकत नाही. माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणतोय म्हटल्यावर आपण आणखी काय शोधायचं?

वर्ष संपलं. त्रेसष्ट हजार हातात आले, आणि मुद्दल मी पुन्हा तशाच एका पावतीवर वर्षभरासाठी ठेवून दिलं. वार्षिक सभेत मी प्रत्येक सभासदाला एकेक प्रेशर कुकर दिला. बासष्ट कुकर ठोक भावात बासष्ट हजारांना, आणि उरलेल्या हजारात टेम्पो आणि फोटोग्राफर. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! लोक उभे राहिले. ते कुकर घ्यायला उभे राहिले होते हे नंतर फोटोत कळलं, पण त्या क्षणी तरी माझा ऊर भरून आला. बाइंडरनेही रांगेत येऊन कुकर घेतला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

घरी बायकोने आमचा कुकर उलटासुलटा करून पाहिला. "पितळ पातळ आहे का हो वॉल्व्हचं?" ती म्हणाली. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण माझ्या एखाद्या कामगिरीवर तिची पहिली प्रतिक्रिया 'वा' अशी आल्याचं मला स्मरत नाही.

आठ महिन्यांनी कर खात्याची नोटीस आली. व्याज, त्यावर कर, तो कर वेळेत न भरल्याबद्दल पुन्हा व्याज, सगळं मिळून एकवीस हजार चारशे. आता मला सांगा, पतसंस्थेला कर नसतो ही गोष्ट मी अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय. कुणी विचारलं नसतानाही सांगत आलोय. तातडीची बैठक बोलावली. समितीने नोटीस एकमेकांकडे अशी फिरवली, जसं काही ती भाजतेय. आणि मग माझ्याशी नेहमी सहमत असणारा जो चौथा, तोच म्हणाला, "ठेव सचिवांनी ठेवली. सही सचिवांची. कर माफ झाला तर उत्तम. नाहीतर सचिवांनीच भरावा."

"आणि कुकर?" मी म्हणालो. "कुकर तुम्ही सगळ्यांनी घेतलेत ना? ते परत द्या, विकून टाकू!"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तीन कुकर आले. एकाला झाकण नव्हतं, एकाच्या बुडाला डाळ करपलेली होती आणि तिसरा चक्क दुसऱ्याच कंपनीचा होता.

एकवीस हजार चारशे. माझ्याकडे तेवढे होते, नाही असं नाही. ते बायकोच्या गुडघ्यासाठी बाजूला ठेवलेले होते. तिला मी काही सांगितलं नाही. पण नोटीस मी शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि शर्ट धुवायला टाकताना खिसे तपासायची तिला सवय आहे.

"गुडघ्याचे पैसे मागायचे नाहीत," एवढंच ती म्हणाली. "काय ते निस्तरा."

निस्तरायचं म्हणजे आधी कर खात्याच्या संकेतस्थळावर शिरायला हवं. तिथे पासवर्ड टाकला की मोबाईलवर सहा आकडी नंबर येतो, तो टाकला तरच दार उघडतं. आणि तो मोबाईल नोंदवलेला होता माजी सचिवांचा. हे गृहस्थ आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांना तीन मतांनी पाडलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बायका मात्र एकमेकींकडे विरजण मागतात. मी त्यांना माजी म्हणतो. ते मला विद्यमान म्हणतात, आणि तो शब्द ते असा उच्चारतात की त्यात पुढची सगळी वाक्यं येतात.

मी जिना चढून गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"या, विद्यमान," ते म्हणाले. दारातच. आत या म्हणाले नाहीत.

"तुमच्या मोबाईलवर एक नंबर येईल. तेवढा सांगाल का?"

"सांगू की. संस्थेचं काम आहे. आम्ही कधी संस्थेच्या कामाला नाही म्हटलंय?"

व्यवस्था अशी ठरली की मी खाली संगणकासमोर बसायचं आणि नंबर आला की त्यांनी बाल्कनीतून सांगायचं. तो नंबर पाच मिनिटं चालतो. माजींनी पहिले तीन आकडे सांगितले आणि मग, "आमच्या वेळी पैसे चालू खात्यातच ठेवायचो हं आम्ही!" मग चौथा आकडा. मग, "लोक म्हणायचे, माजींना अक्कल नाही!" मग पाचवा. सहावा येईपर्यंत पाच मिनिटं उलटून गेली. हे तीन वेळा झालं. चौथ्या खेपेला तळमजल्यावरचा शिंपी बाहेर येऊन म्हणाला, "अहो, सात असेल, टाकून बघा!" दार काही उघडलं नाही, पण सगळ्या इमारतीला नोटीस पाठ झाली. पुढचे आठ दिवस मी जिन्यात भेटेल त्याचा सल्ला ऐकला. कुणी म्हणालं, उत्तरच देऊ नका, ते विसरतात. कुणी म्हणालं, दाढी वाढवून जा. शिंपी म्हणाला की त्याच्या मेहुण्याला अशीच नोटीस आली होती. त्याचं पुढे काय झालं ते मात्र त्याने सांगितलं नाही, नुसता सुस्कारा टाकला.

शेवटी बाइंडरनेच मार्ग दाखवला. डिंकाचा डबा घ्यायला आला होता. म्हणाला, "साहेब, आमची मुलगी एका कर सल्लागाराकडे बसते. टायपिंग करते. चांगला माणूस आहे, तुमच्याकडून फी कमी घ्यायला सांगते ती."

"अरे वा," मी म्हणालो, "नोकरीला लागली? छान झालं!"

खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काहीही आलं नाही. मी मनापासून छान झालं म्हणालो.

कर सल्लागाराचं ऑफिस एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फायलींच्या भिंती आणि त्यांच्या मध्ये खिडकीकडे पाठ करून बाइंडरची मुलगी बसलेली. मला बघून उठली. "या काका. बसा." पाणी दिलं. "कुकर चांगला आहे हं. आई म्हणते शिट्टी जरा उशिरा होते, एवढंच."

सल्लागाराने नोटीस वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे बघा," तो म्हणाला, "सभासदाला कर्ज दिलंत, त्याचं व्याज आलं, त्यावर कर माफ. तो तुमचा धंदाच आहे. पण तुम्ही पैसे बँकेत ठेवलेत. बँक तुमची सभासद आहे का?"

"नाही."

"मग त्या व्याजावर कर. हेच नऊ लाख सभासदांना दहा टक्क्यांनी वाटले असते तर नव्वद हजार मिळाले असते आणि कर शून्य."

मी मनात हिशोब केला. तो इथे मांडत नाही. माझ्या टाळ्या, माझा फोटो, माझी फाइलला लावायला बरी असलेली एक पावती, सगळं त्या हिशोबात येत होतं.

"वाट नाही का काही?"

"एक आहे. पैसे कमाईसाठी ठेवलेच नव्हते, त्या काळात कुणी सभासद कर्ज मागत नव्हता, म्हणून तात्पुरते बँकेत ठेवले, असं म्हणायचं. म्हणजे तो कर्ज देण्याच्या कामाचाच भाग झाला. काही अधिकारी मानतात, काही नाही मानत. त्या काळात कुणाचं कर्ज नाकारलं नाहीत ना?"

दोन खोल्यांच्या मधलं दार उघडं होतं. बाहेर टायपिंगचा आवाज चालू होता.

तुम्ही म्हणाल, इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मलाही तसं आता वाटतं. पण डोळ्यासमोर एकवीस हजार चारशे होते, बायकोचा गुडघा होता, डोक्यावर माजी होते. मी म्हणालो, "नाही. तसं कुणी नाही."

"मग बाहेर सांगून टाका तिला. ती टाइप करेल."

मी बाहेर येऊन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो आणि सांगायला लागलो. माझी कार्यालयीन भाषा चांगली आहे. "सदर कालावधीत संस्थेच्या कोणाही सभासदाची कर्जाची मागणी नसल्याने..." तिची बोटं भराभर चालत होती. मग थांबली.

"काका, कालावधी कुठून कुठपर्यंत टाकू?"

मी तारखा सांगितल्या. तिने टाकल्या. स्क्रीनकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग कागद छापून माझ्यासमोर ठेवला. "सही इथे," ती म्हणाली. मी सही केली आणि तिचे आभार मानून जिना उतरलो. माझी मान ताठ होती. मान ताठ ठेवण्याचा मला सराव आहे.

सुनावणीचा दिवस आला. कर अधिकारी बाई होत्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी आमचं उत्तर वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. इतिवृत्ताचं पुस्तक आणलंय?"

आता या पुस्तकाबद्दल दोन शब्द. इतर संस्थांची इतिवृत्तं मी पाहिली आहेत. 'चर्चा झाली. मंजूर.' बस्स! आमचं तसं नाही. मी प्रत्येक ठराव कारणासकट लिहितो, शाईच्या पेनाने, समास सोडून, आणि पानांवर क्रमांक घालतो, म्हणजे कुणाला पान फाडता येऊ नये. आदल्या संध्याकाळी माजींनी बायकोमार्फत निरोप धाडला होता, की पुस्तक हरवलं म्हणून सांगा. त्यांच्या कारकिर्दीतलं खरोखरच हरवलेलं आहे. माझ्याने ते झालं नाही. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे. मला ते पुस्तक कुणीतरी बघावं असं अकरा वर्षं वाटत होतं.

बाईंनी पुस्तक उघडलं. "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या.

मी अक्षरशः लाजलो. "लहानपणापासून वळण आहे," मी म्हणालो. एवढंच नाही, त्यांना मागची पानंही पाहता यावीत म्हणून मी स्वतः पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. शहाण्या माणसाने आयुष्यात एकदा तरी गप्प बसावं, पण छे!

त्या पान उलटत गेल्या. एका पानावर थांबल्या. आणि मग त्यांनी ते मोठ्याने वाचलं, माझंच, स्वल्पविरामांसकट. "बाइंडिंग विभागातील सभासदाने मुलीच्या नर्सिंग प्रवेशाच्या फीसाठी साठ हजारांच्या कर्जाची मागणी केली. संस्थेचा निधी मुदत ठेवीत गुंतविलेला असून, ती मोडल्यास व्याजाचे नुकसान होईल, सबब अर्ज सर्वानुमते नामंजूर करण्यात येत आहे."

सल्लागाराने चष्मा काढून पुसायला घेतला. तो चष्मा बराच वेळ पुसत होता.

"मुलीचं काय झालं मग?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न कर खात्याच्या कक्षेत येत नाही, असं मला म्हणता आलं असतं. "नोकरी करते," मी म्हणालो.

"कर भरावा लागेल. तीस दिवसांत अपील करता येईल." त्यांनी पुस्तक बंद करून मला परत दिलं. दोन्ही हातांनी दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बातमी छापखान्यात माझ्याआधी पोचली. विशेष सभा झाली. माझ्याकडून वसूल करावं असा ठराव मांडला गेला, जे कुकर घेताना सर्वांत पुढे होते त्यांच्याकडून. फोटोत आहेत ते. आणि तेव्हा मागच्या बाकावरून बाइंडर उभा राहिला.

"साहेबांनी स्वतःसाठी काही केलं नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना चार पैसे मिळावेत म्हणूनच केलं. ते नऊ हजार वाचवले त्यांनी. एकट्या माणसावर टाकू नका. सगळ्यांनी वाटून घेऊ, माझा पहिला."

ठराव बारगळला. प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीनशेच्या आसपास आले. सभा संपल्यावर मी त्याच्याकडे गेलो नाही. मी गोदामात जाऊन कपाट नीट लावत बसलो, जे आधीच नीट लावलेलं होतं.

घरी सगळं सांगितलं. बायको गुडघ्याला तेल लावत होती. "त्या मुलीचं कर्ज आता तरी द्या," ती म्हणाली. "ठेवीचे पैसे आहेत ना अजून?"

ही एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी समिती बसवली, बाइंडरला अर्ज करायला लावलं नाही, तो मीच भरला. साठ हजार. 'सर्वानुमते मंजूर' असं मी दोन ओळींत लिहिलं, कारण लिहिलं नाही, पहिल्यांदाच. बँकेत जाऊन ठेव मोडली, नऊ हजार कापून गेले, मॅनेजरने या खेपेला चहा विचारला नाही. चेक खिशात घालून मी औषधाच्या दुकानाचा जिना चढलो. काय सांगू, मला पुन्हा टाळ्या ऐकू येत होत्या. माणसाची खोड जात नाही.

ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. मी चेक तिच्या कीबोर्डच्या शेजारी ठेवला.

तिने चेक वाचला. रक्कम वाचली. मग हसली, कुत्सितपणे नाही, आपण लहान मुलाने आणलेली वस्तू बघून हसतो तसं. "नको काका," ती म्हणाली. "तिथे वयाची अट होती. ते शेवटचं वर्ष होतं माझं. बाबांनी सांगितलं नाही का?"

"नाही."

"त्यांना वाटलं असेल, तुम्हाला वाईट वाटेल."

तिने चेक एका पाकिटात घालून, पाकिटावर संस्थेचं नाव लिहून माझ्याकडे परत दिला. मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. "बरं झालं आलात. अपिलाची मुदत उद्या संपते. मसुदा तयार आहे, तुमची सही हवी."

मी वाचायला घेतला. ठीकच होता. तिसऱ्या परिच्छेदाशी आलो आणि थांबलो. तेच वाक्य होतं, फक्त तारखा नव्हत्या. 'संस्थेकडे सभासदांची कर्जाची कोणतीही मागणी शिल्लक नाही.'

"अगं, हे..." मी म्हणालो.

"ते राहू दे, काका," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "आता ते खरं आहे."

मी सही केली. अक्षर माझं चांगलं आहे.